धोटा आणि ओठ : मराठी कामगारजाणिवेचा एक अनुच्चारित भाग

मराठी समीक्षेत 'कामगार' ही संज्ञा जितक्या सहजपणे वापरली जाते तितकी ती सहज नाही. विद्यापीठीय अभ्यासक्रमांतील 'साहित्यप्रवाह' या प्रश्नपत्रिकेत कामगार साहित्य एका घटकात आणि दलित साहित्य दुसऱ्या घटकात असते. पहिल्यात वर्गजाणीव शिकवायची आणि दुसऱ्यात जातजाणीव, असा एक अलिखित संकेत आपण सर्वांनी पाळला आहे. प्रस्तुत लेखकानेही तो बरीच वर्षे पाळला. तो मोडण्याचे निमित्त एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाने घडले. नारायण सुर्वे यांच्या कवितेवरील तासानंतर त्याने विचारले, "सर, माझे आजोबा गिरणीत होते, पण ते कायम रिंग खात्यातच का राहिले? शेजारच्या खोलीतले सगळे विणकाम खात्यात होते." या प्रश्नाचे उत्तर कवितेच्या पुस्तकात नव्हते. ते समीक्षेच्या पुस्तकांतही नव्हते, ही गोष्ट मला अधिक लागली.

उत्तर तसे इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक असलेले आहे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. तेव्हापासून पुढे जवळजवळ शतकभर या उद्योगातील काही खाती अस्पृश्य मानलेल्या जातींना व्यवहारात बंद होती. त्यांतील प्रमुख म्हणजे विणकाम खाते. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी बसवून तिच्या धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावे लागे, आणि ते झटपट निघावे म्हणून कामगार भोकाला ओठ लावून धागा ओढून घेत. एकच धोटा अनेकांच्या ओठांना लागे. लँकेशायरच्या गिरण्यांतही ही रीत होती, पण तेथे तिची चर्चा रोगसंसर्गाच्या अंगाने झाली. मुंबईत ती विटाळाच्या अंगाने झाली. महार कामगाराच्या ओठाला लागलेला धोटा आपण ओठाला लावणार नाही, अशी सवर्ण विणकरांची भूमिका होती आणि गिरणीमालकांनी ती निमूटपणे मान्य केली होती. यंत्र नवे, भांडवल नवे, मजुरी रोकड; परंतु यंत्राच्या ज्या एका बिंदूवर मानवी लाळेचा संबंध येत होता, तेथे गावाचा पाणवठा जसाच्या तसा उभा राहिला.

हे केवळ अपमानाचे प्रकरण असते तर त्याची गणना अस्पृश्यतेच्या अनेक उदाहरणांत झाली असती. परंतु विणकाम खात्यातील वेतन रिंग खात्याच्या वेतनापेक्षा लक्षणीय अधिक होते. विणकराला नगावर मजुरी मिळे, आणि दोन माग चालवणारा कुशल विणकर गिरणीतील चांगली कमाई करणाऱ्या कामगारांत मोडे. म्हणजे ओठाच्या विटाळाचे रूपांतर दर महिन्याच्या पगारात होत होते. त्यात भरतीची पद्धत जॉबरच्या हाती होती. जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या चाळीतला माणूस आणी; बदली कामगारालाही दारावर उभे राहून त्याच्याच मर्जीची वाट पाहावी लागे. अशा व्यवस्थेत एकदा एखादे खाते एका जातिसमूहाच्या हाती गेले की ते पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहते. त्यासाठी कोणता लेखी नियम करावा लागत नाही. राजनारायण चंदावरकर यांच्या १९९४ मधील ग्रंथाने मुंबईच्या श्रमबाजाराची ही घडण, म्हणजे चाळ, गाव, जॉबर आणि उधारी यांची परस्परांत गुंतलेली वीण, तपशिलाने दाखवून दिली आहे. मराठी समीक्षेने मात्र अशा ग्रंथांना 'समाजशास्त्रीय पार्श्वभूमी' या रकान्यात टाकून पुढे जायचे, अशी सवय लावून घेतली आहे.

१९२८ च्या सार्वत्रिक संपात हा प्रश्न उघडपणे पुढे आला. एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने चाललेला हा संप गिरणी कामगार युनियनच्या उदयाचा म्हणून गौरवाने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना खुले करावे हा मुद्दा कामगारांच्या बाजूने मांडला गेला तो मुख्यतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आग्रहामुळे, आणि नेतृत्वाने तो काहीशा नाखुशीनेच स्वीकारला. नाखुशीचे कारण उघड होते. संघटनेचे बळ विणकरांत होते. विणकरांना दुखवून रिंग खात्यातील माणसाची बाजू घ्यायची, की एकजुटीच्या नावाखाली तो प्रश्न पुढे ढकलायचा? त्या वेळी उत्तर कोणते दिले गेले हे सर्वश्रुत आहे. पुढे १९२९ च्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला, तो 'फुटीरपणा' म्हणून अनेकांनी नोंदवला. ज्या एकजुटीत आपल्याला बरोबरीचे काम नाही तिच्यासाठी उपाशी कोणी राहायचे, हा त्यामागचा साधा हिशेब त्या नोंदींत क्वचितच आढळतो. त्याच आंबेडकरांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात स्वतंत्र मजूर पक्षाला साम्यवाद्यांच्या बरोबरीने उतरवले, हे लक्षात घेतले म्हणजे 'फुटीरपणा'ची ती सोयीस्कर व्याख्या टिकत नाही.

आता साहित्याकडे येऊ. मामा वरेरकरांच्या गिरणीजीवनावरील कादंबरीचे नाव 'धावता धोटा'. येथे मला कादंबरीच्या गुणदोषांत शिरायचे नाही. लक्ष वेधायचे आहे ते शीर्षकाकडे. धोटा ही गतीची, उद्योगयुगाची, अखंड श्रमाची प्रतिमा म्हणून मराठी वाङ्मयात आली ती अशी. आपण तिला आजवर प्रतिमा म्हणूनच वाचले. धोटा ज्याच्या हाती कधी येऊच दिला गेला नाही, त्याच्या दृष्टीने ही प्रतिमा काय सांगते, असा प्रश्न आपल्या प्रतिमासमीक्षेला पडला नाही. एखादी वस्तू प्रतीक होते तेव्हा तिच्या वापराचा इतिहास पुसला जातो, आणि पुसण्याचे ते काम कवी-कादंबरीकारांपेक्षा समीक्षक अधिक उत्साहाने करतात, असे माझे मत आहे.

सुर्व्यांची गोष्ट याहून अवघड आहे. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांतून मराठी कवितेत प्रथमच शहरी कामगार बोलू लागला, असे आपण म्हणतो. त्यात अतिशयोक्ती नाही. परंतु हा बोलणारा 'मी' कोण? सुर्वे हे रस्त्यावर सापडलेले मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना वाढवले आणि आपले नाव दिले. त्यांना जन्माची जात ठाऊक नव्हती. ज्याला जात ठाऊक नाही अशाच माणसाला मराठी कामगाराचा सर्वसमावेशक 'मी' उच्चारता आला, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. त्यांच्या कवितेतील 'आम्ही' हा एका अर्थाने अनाथाचा 'आम्ही' आहे. त्याला कोणत्याही एका चाळीत, एका खात्यात बांधून ठेवता येत नाही, म्हणून तो सगळ्यांना सामावून घेतो. त्याची भव्यता यातूनच येते, आणि त्याची मर्यादाही. त्या 'आम्ही'मध्ये रिंग खाते आणि विणकाम खाते यांच्यामधली भिंत दिसत नाही. याबद्दल मी सुर्व्यांना दोष देत नाही. एकजूट ही त्यांच्या कवितेत वस्तुस्थिती म्हणून येत नाही. ती एक मागणी म्हणून, एक आवाहन म्हणून येते, आणि आवाहनाला कल्पनेचे स्वातंत्र्य असते. दोष असेल तर तो त्या आवाहनालाच कामगारवास्तवाचे वर्णन समजून परीक्षेत प्रश्न काढणाऱ्या आपल्यासारख्यांचा.

येथे एक वाङ्मयप्रकारविषयक मुद्दा उपस्थित होतो आणि तो मला या साऱ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दारिद्र्य आणि विषमता या दोन गोष्टी आपण समानार्थी धरतो. दारिद्र्य ही एका माणसाची अवस्था आहे. विषमता हा दोन माणसांमधला संबंध आहे. दारिद्र्य भावकवितेत मावते. भूक, ओली भिंत, महिनाअखेर, आजारी मूल हे सारे एका 'मी'च्या तोंडून सांगता येते. विषमता सांगायची तर किमान दोन माणसे लागतात, ती एकाच छपराखाली काम करणारी लागतात, आणि त्यांच्या पाकिटांत व वागणुकीत फरक का आहे हे दाखवणारे कथानक लागते. मराठी कामगार साहित्याची मान्यताप्राप्त परंपरा मुख्यतः कवितेची, लावणीची, पोवाड्याची राहिली. म्हणून तिने दारिद्र्य उत्कटतेने सांगितले आणि श्रमिकांमधली विषमता तिच्या हातून निसटली. आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या प्रबंधात जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे जे प्रतिपादन केले, त्याला वाङ्मयीन रूप द्यायला कथेचीच गरज होती.

ते रूप दिले बाबूराव बागुलांनी. 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाची शीर्षककथा आपण दलित साहित्याच्या आरंभीच्या मैलाच्या दगडांत धरतो. पण ती मराठीतील एक अस्सल कामगारकथा आहे, हे म्हणायला आपण कचरतो. कथेचा निवेदक सुरतेच्या परिसरात रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण आहे. नोकरी मिळते, पगार ठरलेला आहे, कागदोपत्री तो इतर कामगारांच्या बरोबरीचा आहे. पेच सुरू होतो तो खोली शोधताना. जात सांगितली तर खोली नाही, आणि खोली नाही तर नोकरी टिकत नाही. म्हणून जात चोरावी लागते. चोरलेली जात उघडकीस आल्यावर त्याला मारहाण होते ती मालकाकडून नव्हे. ज्या सहकाऱ्यांत तो कवी म्हणून, मित्र म्हणून वावरत होता त्यांच्याच परिसरात होते. त्याला वाचवतो काशीनाथ, म्हणजे जात न लपवता रोज भांडत काम करणारा दुसरा दलित कामगार.

या कथेतील अर्थव्यवहार नीट पाहिला पाहिजे. वेतन समान असूनही त्या वेतनाचे जगण्यात रूपांतर समान होत नाही. सवर्ण कामगाराचा रुपया खोली विकत घेऊ शकतो. याचा रुपया घेऊ शकत नाही. म्हणजे विषमता वेतनपत्रकाच्या बाहेर सरकते आणि तेथे ती अधिक सुरक्षित राहते, कारण कामगार संघटनेच्या मागणीपत्रकात तिला रकाना नाही. बागुलांनी रेल्वेच निवडली, यालाही अर्थ आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे भरलेल्या रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे सांगितले. तेथेच त्यांनी, अस्पृश्य माणूस गँगमन होऊन रुळांवर राबू शकतो पण त्याला पोर्टरची जागासुद्धा मिळत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरकामही करून घेतो, असे दाखवून दिले होते. एका साध्या नोकरीचे दार स्टेशनमास्तरच्या स्वयंपाकघरातून जाते, हे ज्याला दिसते त्याला अर्थशास्त्र आणि जात यांची वेगवेगळी पुस्तके करता येत नाहीत. बागुलांची कथा याच दाराशी उभी आहे.

अण्णाभाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतील भीमा पोटासाठी मुंबईच्या उपनगरात आलेला, खाणीत दगड फोडणारा बलदंड गडी. खाण बंद पडते आणि बेकार झालेला भीमा प्रेतांच्या राखेतून, पुढे प्रेतांच्या अंगावरून, सोने काढू लागतो. शेवटी त्याची बोटे एका प्रेताच्या जबड्यात अडकतात, ती कापून टाकावी लागतात, आणि त्याच सुमारास खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. कथेचा भर जातीवर नाही, म्हणून ती बहुधा 'बेकारीची शोकांतिका' म्हणून शिकवली जाते. पण बेकार झाल्यावर माणसाला कोणकोणते पर्याय सुचतात, किंवा सुचू दिले जातात, हेही पाहायला हवे. गावी थोडी जमीन असलेला, चाळीत नातलग असलेला, जॉबर ओळखीचा असलेला कामगार संपात किंवा टाळेबंदीत गावी परततो आणि पेरणी करून परत येतो. ज्याला परतायला जमीन नाही तो कोठे जाईल? अण्णाभाऊंनी त्याला स्मशानात पाठवले. ही अतिरंजित कल्पना आहे असे मानणाऱ्या वास्तववादाच्या पुरस्कर्त्यांनी गाव आणि शहर यांच्यामधली ही सुरक्षेची दोरी कोणाकोणाला उपलब्ध होती, हे तपासायला हवे होते.

'बलुतं'कडे (१९७८) या दृष्टीने पाहिले तर एक साधी गोष्ट ध्यानात येते, आणि ती इतकी उघड आहे की आपण तिच्यावर कधी थांबलो नाही. मराठीतील या महत्त्वाच्या आत्मकथनाचे शीर्षक हे मुळात उत्पन्नाच्या एका प्रकाराचे नाव आहे. बलुते म्हणजे वेतन नव्हे. ते कामाच्या मापावर ठरत नाही, त्यात वाटाघाट नाही, काम सोडण्याची मुभा नाही. जन्माने ठरलेल्या कामाबद्दल रूढीने ठरलेला हिस्सा मागून आणायचा. वेतनाचे आधुनिक आश्वासन नेमके याच्या उलट होते : जो काम करील त्याला, जेवढे करील तेवढे, कोणाचा कोण हे न विचारता. दया पवारांचे वडील गोदीत कामाला लागतात; कावाखान्यातील बाया चिंध्या-कागद गोळा करतात. या माणसांनी बलुत्याकडून वेतनाकडे केलेला प्रवास हाच त्या पुस्तकाचा कणा आहे. पवारांनी मात्र शहरातल्या या आयुष्याच्या कहाणीला नाव दिले ते गावातल्या उत्पन्नाचे. शहरातील मजुरीतही बलुत्याचा अंश उरतो, वाट्याला येणारे काम येथेही बरेचसे जन्मच ठरवतो, असा अर्थ त्या शीर्षकातून निघतो. 'शैली', 'प्रांजळपणा', 'दुभंगलेला मी' यांवर 'बलुतं'च्या संदर्भात पुष्कळ लिहिले गेले. या पुस्तकाला मराठी श्रमसंबंधांच्या इतिहासातील एक दस्तऐवज म्हणून वाचणे हे त्याचे वाङ्मयीन मोल कमी करणे आहे, अशी भीती आपल्या समीक्षेला कोणी घातली कोण जाणे.

या टप्प्यावर अमेरिकेतील निग्रो साहित्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. (आज 'कृष्णवर्णीय' हा शब्द रूढ आणि उचित आहे; जनार्दन वाघमारे यांच्या पिढीने मराठीत त्या साहित्याचा परिचय करून दिला तो मात्र पहिल्या नावाने.) १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव तेथूनच घेतले, आणि त्याच्याही आधी १९४६ मध्ये आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निवेदनाविषयी विचारणा केली होती. डू बॉइस यांनी १९३५ मधील आपल्या ग्रंथात असे मांडले होते की, दक्षिणेतील गोऱ्या कामगाराला तुटपुंज्या मजुरीबरोबर मानाचे एक वेगळे वेतनही मिळत होते, आणि त्या वेतनाने त्याला काळ्या कामगारापासून दूर ठेवले. आपल्या विणकराची स्थिती याहून भक्कम होती, कारण त्याला मानाचे वेतन आणि रोख वेतन दोन्ही जास्त मिळत होते. एकजुटीसाठी त्याने काय सोडायचे हा प्रश्न म्हणूनच इतका बोचरा होता.

राल्फ एलिसनच्या 'इन्व्हिजिबल मॅन' (१९५२) या कादंबरीतील रंगाच्या कारखान्याचा प्रसंग या संदर्भात अभ्यासण्यासारखा आहे. कारखान्याचा अभिमान म्हणजे झगझगीत पांढरा रंग. तो तयार होतो काळ्या द्रवाचे दहा थेंब मिसळून. तळघरात एक वृद्ध काळा कामगार बॉयलर सांभाळतो. रंगाचा मूळ द्रव त्याच्याच हातून तयार होतो आणि संघटनेच्या माणसांचा तो द्वेष करतो. वरच्या मजल्यावर संघटनेची सभा भरलेली असते. तेथे चुकून शिरलेला निवेदक मालकाचा हस्तक ठरतो. रिंग खाते, विणकाम खाते आणि युनियनचे कार्यालय अशा तीन ठिकाणी उभे राहून हे प्रकरण वाचून पाहावे. मात्र साम्य ताणू नये. वर्ण डोळ्यांना दिसतो. जात विचारावी लागते. एलिसनचा नायक अदृश्य असतो कारण इतर त्याला पाहायचे नाकारतात. बागुलांच्या निवेदकाला लोक पाहतात, मान देतात, कवी म्हणून नावाजतात, आणि त्याची किंमत म्हणून त्याला स्वतःचाच एक भाग अदृश्य ठेवावा लागतो. 'चोरली' हे क्रियापद अमेरिकन कादंबरीत या अर्थाने येऊ शकले नसते असे नाही. वर्ण लपवून वावरणाऱ्यांच्या कथा तेथेही आहेत. पण तेथे तो मोजक्या उजळ कातडीच्या माणसांपुरता पर्याय होता. आपल्याकडे शहरात आलेल्या प्रत्येक दलित कामगारापुढे तो मोह आणि ते भय रोजचे होते.

माझ्या या विवेचनावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. साहित्यकृतीकडून वेतनपत्रकाची अपेक्षा करायची काय? कोणत्या खात्यात कोण होते हे सांगणे कवितेचे काम आहे काय? नाही. कोणत्याही कवीने काय लिहायला हवे होते, हे सांगण्याचा अधिकार समीक्षेला नाही असेच मी मानतो. परंतु समीक्षेने काय वाचायला हवे होते, हे समीक्षेला विचारता येते. आपण 'कामगार' आणि 'दलित' असे दोन घटक केले तेव्हा गिरणीतील खात्यांची वाटणीच प्रश्नपत्रिकेत उतरवली. विणकाम खाते कामगार साहित्यात गेले; रिंग खाते, गोदी, गँग, चिंध्या वेचणारी बाई हे दलित साहित्यात गेले. पहिल्याला 'वर्ग' मिळाला, दुसऱ्याला 'वेदना'. दलित आत्मकथनांची चर्चा आपण वेदना-विद्रोह-नकार या तीन शब्दांत इतकी बंदिस्त केली, की त्यांत रोजगार, मजुरी, कर्ज, बदली, बढती यांविषयी जे विपुल लिहिले आहे ते आपल्या नजरेला पडेनासे झाले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे जग संपत गेले. धोट्याच्या विटाळाची भिंत स्वातंत्र्यानंतर ढिली होत गेली होती, तरी खात्यांवरचे तिचे ठसे पुष्कळ काळ टिकून होते; ते गिरण्यांबरोबरच गेले. या अस्तावरची मराठीतील सर्वांत समर्थ कृती म्हणजे जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७). धुरी कुटुंबाची पडझड या नाटकात ज्या निर्दयतेने आणि ममतेने दिसते, तिला तोड नाही. पण धुरी हे कोकणातून आलेल्या, गिरणगावात पाय रोवलेल्या समाजाचे घर आहे. त्या घराला निदान हरवण्यासारखे काही होते : नोकरीचा अभिमान, वस्तीतला वट, शेजारपाजार. हे त्या नाटकाचे न्यून नव्हे; एका घराची गोष्ट एकाच घराची असते. प्रश्न असा की गिरणगावाच्या अस्ताचे शोकगीत म्हणून आपण हेच एक घर सगळ्या गिरणगावाच्या जागी ठेवले आहे काय? रिंग खात्यातून सुटलेल्या कामगाराच्या घरी १९८३ साली काय घडले, त्याला त्यानंतर कोणते काम मिळाले, ते काम बलुत्याच्या किती जवळचे होते, याची कथा, कादंबरी किंवा नाटक म्हणून आपल्याकडे काय आहे ते शोधायला हवे. ते बहुधा 'दलित' या फळीवर, वेगळ्या अनुक्रमांकाखाली पडून असेल.

ज्या विद्यार्थ्याने तो प्रश्न विचारला त्याला मी 'जेव्हा मी जात चोरली होती' आणि 'माझे विद्यापीठ' ही दोन पुस्तके एकाच निबंधासाठी दिली. निबंध फारसा चांगला उतरला नाही. सुर्व्यांच्या 'आम्ही'बद्दल त्याने घाईने निकाल दिला होता आणि त्यावर आमचा बराच वाद झाला. पण शेवटच्या पानावर त्याने आजोबांकडून ऐकलेली खात्यांची नावे आणि त्या त्या खात्यातील पगाराचे आकडे, आठवतील तसे, एका तक्त्यात मांडले होते. विभागाच्या नियमानुसार निबंधाला असा तक्ता जोडता येत नाही. मी तो काढायला सांगितला नाही.